उचल परत करणारा मुलगा : हॉवी मोरेंझ

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं मैदान, ध्यानचंद यांचं नाव आणि १९२८ सालचं अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकचं सुवर्णपदक एवढं तरी सगळ्यांना आठवतं. त्याच १९२८ साली, कॅनडात, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीत एक पंचवीस वर्षांचा खेळाडू त्या मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला होता. त्याचं नाव हॉवी मोरेंझ. तिकडच्या घराघरांत हे नाव पोचलेलं होतं. आपल्या बाजूला ते फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि त्यात नवल काही नाही. बर्फ पाहायला आपल्याला लडाख किंवा सिमला गाठावं लागतं!

पण मोरेंझवर लिहावंसं वाटलं ते त्याच्या गोलांमुळे नव्हे. त्याच्या आयुष्यात एक उन्हाळा असा आला की ज्या करारासाठी शेकडो मुलं देवाला नवस बोलली असती, तो करार त्याच्या हातात होता, त्यावर त्याची सही झालेली होती, आणि त्याने घेतलेली उचल परत पाठवून मला हे नको असं कळवलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात सध्या मुलाखती, ऑफर लेटर, दोन वर्षांचा बाँड याशिवाय दुसरा विषय नसतो. अशा वेळी हा मुलगा जवळचा वाटतो.

नदीवरचं बर्फ

हॉवीचा जन्म १९०२ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, मिचेल नावाच्या लहान गावी झाला. घराणं मूळचं जर्मन वंशाचं. भावंडांत हा सगळ्यात धाकटा. गावातून थेम्स नदी वाहते. लंडनची थेम्स ती नव्हे. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी आपल्या नद्यांची नावंही सोबत आणली, त्यातली ही एक. हिवाळ्यात ती गोठते आणि गावातल्या मुलांना फुकटचं मैदान मिळतं. पायाला स्केट्स बांधायचे, हातात काठी घ्यायची, दोन दगडांचा गोल करायचा आणि अंधार पडेपर्यंत खेळायचं. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट शिकतात तसं तिकडे नदीवर हॉकी शिकतात. कोणी शिकवावं लागत नाही.

पुढे गावच्या संघात त्याला घेतलं तेव्हा तो गोलकीपर होता. पुढच्या काळात ज्याच्या वेगाची वर्णनं करताना बातमीदारांना शब्द कमी पडायचे, तो मुलगा आधी एका जागी उभा राहून गोल अडवत होता! आणि अडवत होता असं म्हणणंही थोडं धाडसाचंच, कारण एका सामन्यात त्याच्यावर एकवीस गोल झाले. त्या दिवशी दुसरा एखादा प्रशिक्षक असता तर त्याने या पोराला घरी पाठवलं असतं. पण त्याच्या प्रशिक्षकाने पाहिलं होतं की हा पोरगा बर्फावर धावतो मात्र विलक्षण. त्याने हॉवीला गोलमधून काढलं आणि पुढे मोकळं सोडलं. त्या काळी संघात सातवा खेळाडू असे, त्याला रोव्हर म्हणत. त्याची जागा ठरलेली नसे. खेळ जाईल तिकडे त्याने जायचं. हॉवीला रोव्हर केलं आणि त्याची गाडी रुळावर आली.

१९१७ साली मोरेंझ कुटुंब जवळच्याच स्ट्रॅटफर्ड गावी राहायला गेलं. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. पंधराएक वर्षांच्या हॉवीने वय अठरा सांगून सैन्यात भरती व्हायचा प्रयत्न केला. भरती करणाऱ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहून त्याला घरी पाठवलं. या मुलाला घर सोडायची भीती वाटत होती असं पुढच्या प्रसंगावरून कोणाला वाटेल, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तो भित्रा नव्हता.

कारखाना आणि खेळ

स्ट्रॅटफर्डमध्ये रेल्वेचा मोठा कारखाना होता. इंजिनं तिथे दुरुस्तीला येत. गावातली निम्मी चूल त्या कारखान्यावर पेटायची म्हटलं तरी चालेल. हॉवीही तिथे अप्रेंटिस म्हणून लागला. दिवसा कारखाना, संध्याकाळी हॉकी. आधी तो गावच्या ज्युनियर संघात खेळला. १९२१ साली हा संघ थेट मेमोरियल कपच्या, म्हणजे सगळ्या कॅनडाच्या ज्युनियर अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीपर्यंत गेला आणि विनिपेगच्या संघाकडून हरला. त्यानंतर तो सीनियर संघात आला. लोक त्याला स्ट्रॅटफर्डची वीज म्हणू लागले. तो रस्त्याने निघाला की लहान मुलं मागे लागत. कारखान्यात फोरमनपासून हेल्परपर्यंत सगळे त्याला नावाने ओळखत. आई-वडील गावात, मित्र गावात, नोकरी गावात. नीटनेटके कपडे घालायची त्याला हौस होती आणि त्यापायी थोडीफार उधारीही होती, पण एकूण पाहता वीस वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं असतं?

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचा पेच कळणार नाही. त्या वेळी ओंटारियोतली हॉकी हौशी होती. म्हणजे खेळायचं ते नावासाठी, गावासाठी. पैसे घेऊन खेळणं कमीपणाचं मानत. हौशी हॉकीचे नियम कडक होते : एकदा पैसे घेऊन खेळलात की हौशी संघाचं दार तुम्हाला बंद. नोकरी मिळवून देणं, काहीतरी हातावर ठेवणं असं पडद्याआड चालत असे, ते सगळ्यांना माहीत होतं. पण उघडपणे करारावर सही करणं वेगळं. ती एकतर्फी वाट होती. तिकडे जाऊन जमलं नाही तर परत गावच्या संघात येऊन खेळता येईल, असं नव्हतं.

आणि पैसे देणारी जी लीग होती, नॅशनल हॉकी लीग, तीही तेव्हा काही आजच्यासारखी अवाढव्य नव्हती. ती १९१७ साली माँट्रियलमध्ये स्थापन झाली होती आणि १९२३ साली तिच्यात अवघे चार संघ होते. उद्या ती बंद पडली असती तरी कोणाला फार नवल वाटलं नसतं. म्हणजे कारखान्यातली पक्की नोकरी, घर आणि गावचं प्रेम एका पारड्यात, आणि चार संघांची एक नवी लीग दुसऱ्या पारड्यात. घरच्यांनी काय सल्ला दिला असेल ते आपल्यापैकी कुणालाही सांगता येईल.

सही

१९२२च्या शेवटी हॉवी रेल्वेच्या संघाबरोबर माँट्रियलला खेळायला गेला आणि तिथे एका सामन्यात त्याने नऊ गोल केले. त्या सामन्याचा रेफरी माँट्रियल कॅनेडियन्स या संघाचे मालक लेओ दांदुराँ यांच्या ओळखीचा होता. त्याने जाऊन सांगितलं की स्ट्रॅटफर्डहून आलेल्या त्या पोराला एकदा पाहाच.

दांदुराँ हे गृहस्थ मुळात घोड्यांच्या शर्यतींच्या धंद्यातले. दोन भागीदारांबरोबर त्यांनी १९२१ साली अकरा हजार डॉलरना हा संघ विकत घेतला होता. चांगला घोडा लांबून ओळखायचा आणि दुसऱ्याने बोली लावायच्या आत तो आपल्या तबेल्यात आणायचा, हे त्यांना नेमकं जमायचं. टोरांटोच्या संघाचाही हॉवीवर डोळा होता. टोरांटो तर स्ट्रॅटफर्डच्या जवळचं. म्हणून दांदुराँनी १९२३च्या जुलै महिन्यात आपला विश्वासू माणूस सेसिल हार्ट याला स्ट्रॅटफर्डला पाठवलं आणि सही घेऊनच परत ये असं बजावलं. हार्टने सही आणली. उचल म्हणून हॉवीला रोख रक्कम मिळाली आणि गावातली उधारी फिटायची सोय झाली.

एक महिनाभर सगळं शांत होतं. ऑगस्टमध्ये दांदुराँच्या टेबलावर एक पाकीट आलं. आत करारपत्र होतं, साडेआठशे डॉलरचा चेक होता आणि हॉवीचं पत्र होतं. घरच्या कारणांनी आणि इतर काही कारणांनी आपण माँट्रियलला येऊ शकत नाही, असं त्यात त्याने लिहिलं होतं. त्या महिन्याभरात काय झालं असेल याची कल्पना करणं अवघड नाही. सही घरात बसून होते. तिचा अर्थ नंतर, रस्त्याने चालताना, कारखान्यात हत्यार हातात घेताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर कळत जातो. त्यात गावच्या लोकांनाही आपला हिरो जायला नको होता. माँट्रियल सुमारे सातशे किलोमीटर दूर. तिथली भाषा फ्रेंच. संघ फ्रेंच भाषिकांचा म्हणून ओळखला जाणारा. आणि परतीची वाट बंद.

दांदुराँनी चेक वटवला नाही. त्यांनी हॉवीला माँट्रियलला बोलावून घेतलं. तो आला, त्यांच्यासमोर बसला आणि रडला. मी या खेळाडूंच्या तोडीचा नाही, मला तिथे जमणार नाही, माझ्यामुळे घरच्यांना त्रास होईल, मला सोडा, असं त्याचं म्हणणं होतं. दांदुराँ हलले नाहीत. सही केली आहेस तर शब्द पाळ, नाहीतर पुन्हा कुठेही व्यावसायिक हॉकी खेळता येणार नाही, असं त्यांनी त्याला बजावलं. हॉवीपुढे दुसरा रस्ता उरला नाही. तो राहिला.

या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येतं. एक बाजू अशी की दांदुराँना त्या मुलापेक्षा त्या मुलाची ताकद जास्त कळली होती. वीस वर्षांच्या माणसाला स्वतःची किंमत पुष्कळदा कळत नाही. ती कळणारं कोणीतरी वडीलधारं लागतं. दुसरी बाजू अशी की समोर बसलेला मुलगा रडून नको म्हणतो आहे आणि मोठा माणूस त्याच्यापुढे कागद धरून बसला आहे. कागद खरा होता, सही खरी होती. पण त्या खोलीत ताकद कोणाच्या बाजूने होती हेही खरंच. मला स्वतःला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणूनच ही गोष्ट सोपी वाटत नाही. आपण याला यशाची पहिली पायरी म्हणतो, कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्या दिवशी हॉवीला ते माहीत नव्हतं.

माँट्रियल

पुढे झालं ते असं. १९२३च्या डिसेंबरमध्ये एकवीस वर्षांचा हॉवी मोरेंझ कॅनेडियन्सकडून बर्फावर उतरला. त्या पहिल्याच मोसमात त्याने चोवीस सामन्यांत तेरा गोल केले, आणि १९२४च्या मार्चमध्ये संघाने कॅल्गरीला हरवून स्टॅनली कप जिंकला. अंतिम लढतीच्या पहिल्या सामन्यात हॉवीचे तीन गोल होते. कप जिंकल्यावर खेळाडू दांदुराँच्या घरी मेजवानीला निघाले. वाटेत गाडीचं चाक पंक्चर झालं. सगळे खाली उतरले, कप रस्त्याकडेला बर्फात ठेवला, चाक बदललं आणि कप तिथेच विसरून पुढे गेले! घरी पोचल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. धावत परत आले तर कप जिथल्या तिथे. रडत आलेल्या मुलाचं पहिलं वर्ष असं हसत संपलं.

त्याचा खेळ लोकांना इतका का आवडायचा हे कळायला तेव्हाचा नियम सांगायला हवा. बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. आज पुढे धावणाऱ्या सोबत्याला पक पास करता येतो. १९२९ सालापर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत असा पुढे पास द्यायला बंदी होती. म्हणजे गोलपर्यंत पोचायचं तर पक स्वतःच्या काठीवर घेऊन, समोरच्यांना चुकवत, स्वतःच घुसायचं. अशा खेळात वेग म्हणजे सर्वस्व. हॉवी आपल्या गोलमागून पक उचलायचा आणि दोन बचाव करणाऱ्या धिप्पाड गड्यांच्या मधल्या फटीतून सरळ निघून जायचा. फट नसेल तरी जायचा. डावीकडे ओरेल जोलिया नावाचा चिमुकला, डोक्यावर काळी टोपी घालून खेळणारा सोबती. या दोघांची जोडी अनेक वर्षं टिकली.

१९२७-२८च्या मोसमात त्याने तेहेतीस गोल केले आणि गोल व गोलला दिलेला हातभार मिळून एक्कावन्न गुण मिळवले. एका मोसमात पन्नास गुण गाठणारा या लीगमधला तो पहिला खेळाडू. त्या वर्षी त्याला सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी मिळाली. पुढे १९३१ आणि १९३२ सालीही मिळाली. या ट्रॉफीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते डॉ. डेव्हिड हार्ट म्हणजे स्ट्रॅटफर्डला जाऊन हॉवीची सही आणणाऱ्या सेसिल हार्टचे वडील. मुलाने ज्याला करारात बांधलं, त्याच्या हाती वडिलांनी दिलेली ट्रॉफी तीनदा आली. १९२९ साली पासचा नियम बदलला, तेव्हा आता याच्या वेगाला भाव राहणार नाही असं कोणाला वाटलं असेल तर त्याचं उत्तर लगेच मिळालं : त्या मोसमात चव्वेचाळीस सामन्यांत चाळीस गोल. १९३० आणि १९३१ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप.

लीगही त्याच्याबरोबर वाढली. १९२४ साली बॉस्टनचा संघ आला आणि लीग पहिल्यांदा अमेरिकेत गेली. १९२५च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लीगचा पहिला सामना झाला, त्यात यजमानांसमोर होते ते कॅनेडियन्स, म्हणजे लोकांना पाहायचा होता तो मोरेंझ. अमेरिकेतले पत्रकार त्याला हॉकीतला बेब रूथ म्हणायचे. बेब रूथ म्हणजे तेव्हाच्या बेसबॉलचा राजा.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भावते ती माँट्रियलच्या प्रेक्षकांची गोष्ट. शहर दोन भाषांचं. फ्रेंच बोलणाऱ्यांचा संघ कॅनेडियन्स, इंग्रजी बोलणाऱ्यांचा मरून्स. दोघांत सामना असला की शहर उभं दुभंगायचं. आणि फ्रेंच लोकांचा सगळ्यात लाडका खेळाडू कोण, तर जर्मन वंशाचा, ओंटारियोच्या गावातून आलेला इंग्रजी भाषक मुलगा. त्यांनी त्याला त्याची भाषा विचारली नाही. आपण ज्या गावांत राहतो तिथे एकाच रस्त्यावर दोन-तीन भाषांच्या पाट्या असतात आणि त्यांवरून कधी कधी डोकीही फुटतात. तिथल्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

१९२६ साली हॉवीने मेरी मकेशी लग्न केलं. मुलं झाली. त्याला युकुलेले वाजवायचा नाद होता, घोड्यांवर पैसे लावायचा होता, आणि कपड्यांची हौस तर स्ट्रॅटफर्डपासूनची. हरलेल्या सामन्यानंतर मात्र त्याला झोप लागत नसे. जिंकल्यावर सगळ्यांना आनंद वाटणारा हा माणूस हरल्यावर एकटाच रस्त्याने फिरत राहायचा. खेळ आता त्याच्या बाहेर राहिला नव्हता.

उतार

वेगावर जगणाऱ्या खेळाडूचं दुखणं हे की वेग आधी जातो. तिशी ओलांडली, पायांना दुखापती झाल्या. १९३३-३४च्या मोसमात त्याचे गोल आठवर आले आणि ज्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांच्यातल्याच काहींनी त्याची हुर्यो उडवली. १९३४च्या ऑक्टोबरमध्ये दांदुराँनी त्याला शिकागोच्या संघाला देऊन टाकलं. ज्या माणसाने अकरा वर्षांपूर्वी सही दाखवून त्याला जाऊ दिलं नव्हतं, त्याच माणसाने आता तीच सही दुसऱ्याच्या हवाली केली. व्यावसायिक खेळात यात गैर काही नाही. त्या काळी खेळाडू संघाच्या मालकीचा असे आणि त्याला कुठे खेळायचं आहे हे त्याला कोणी विचारत नसे. १९२३ साली दांदुराँसमोर बसलेल्या हॉवीला बहुधा याचीच भीती वाटली होती, फक्त त्याला ती नीट सांगता आली नव्हती.

शिकागोत त्याचं मन रमलं नाही. दीड वर्षाने त्याला न्यूयॉर्कला दिलं. तिथेही तेच. मग १९३६ साली कॅनेडियन्सचे मालक बदललेले होते, आणि प्रशिक्षक म्हणून सेसिल हार्ट परत आले होते. हार्टनी पहिल्यांदा काय केलं, तर हॉवीला परत आणलं. एकदा स्ट्रॅटफर्डहून आणलं होतं, आता न्यूयॉर्कहून. चौतीस वर्षांचा हॉवी पुन्हा सात नंबरची लाल जर्सी घालून जोलियाच्या शेजारी उभा राहिला. पूर्वीचे गोल आता होत नव्हते, पण तीस सामन्यांत चार गोल आणि सोळा गोलांना हातभार, आणि संघ पुन्हा वर चढू लागला. लोक पुन्हा त्याचं नाव घेऊन ओरडू लागले.

फोरम

२८ जानेवारी १९३७. माँट्रियलचं फोरम, समोर शिकागोचा संघ. पकच्या मागे धावताना हॉवी पडला आणि त्याच्या स्केटचं पातं मैदानाच्या कडेच्या लाकडी फळीत रुतलं. पाय अडकलेला असतानाच शिकागोचा अर्ल सायबर्ट त्याच्यावर येऊन आदळला. तो धिप्पाड होता आणि वेगात होता. त्याचा इरादा काही नव्हता. पाय चार ठिकाणी मोडला.

सेंट लूक्स हॉस्पिटलमध्ये त्याची खोली म्हणजे जत्रा होऊन गेली. मित्र, खेळाडू, चाहते, कोणी फुलं घेऊन, कोणी बाटल्या घेऊन. प्लास्टरवर सह्या करून जात. पण लोक गेल्यावर रात्री तो आणि तो पाय एवढंच उरायचं. आपण पुन्हा खेळू शकणार नाही हे त्याला हळूहळू कळत गेलं. फेब्रुवारी संपता संपता त्याचं मन कोलमडलं. डॉक्टरांनी भेटीगाठी कमी केल्या. ८ मार्चच्या रात्री रक्ताच्या गुठळ्या हृदयापर्यंत गेल्या आणि तो गेला. वय अवघं चौतीस. डॉक्टरांचं कारण हे असं. त्याचे सोबती मात्र आयुष्यभर मानत राहिले की तो मन मोडून गेला.

११ मार्चला अंत्यविधी फोरममध्येच झाला. जिथे तो खेळायचा तिथे मधोमध शवपेटी ठेवली. भोवती सोबती पहाऱ्याला उभे. दहा हजारांहून जास्त माणसं आत, आणि बाहेर रस्त्याच्या दुतर्फा त्याहून कितीतरी जास्त. एरवी जिथे कान बधिर व्हायचे तिथे कोणी बोलत नव्हतं. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी सामना झाला. एका बाजूला लीगमधले निवडक खेळाडू, दुसऱ्या बाजूला कॅनेडियन्स आणि मरून्स एकत्र. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन संघ त्या रात्री एकाच बाजूने खेळले. त्याची सात नंबरची जर्सी त्याच दिवशी कायमची बाजूला ठेवली. कॅनेडियन्समध्ये तो मान मिळालेला तो पहिला खेळाडू.

पुढे १९४५ साली हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये जी पहिली नावं घेतली गेली त्यांत त्याचं होतं. १९५० साली कॅनडातल्या पत्रकारांनी अर्ध्या शतकातला सर्वोत्तम हॉकीपटू निवडला, तोही तोच. मुलगी मार्लीन हिने पुढे कॅनेडियन्सच्याच बर्नी जेफ्रियनशी लग्न केलं. तोही मोठा खेळाडू झाला. २००६ साली जेफ्रियनचा पाच नंबर तसाच मानाने बाजूला ठेवायचा समारंभ ठरला, तारीख ११ मार्च, म्हणजे हॉवीच्या अंत्यविधीचीच. जेफ्रियन त्याच दिवशी सकाळी वारला. समारंभ झाला, आणि सासरा-जावयाच्या जर्सी शेजारी शेजारी वर गेल्या.

आता पुन्हा त्या ऑगस्टमधल्या पाकिटाकडे येऊ. हॉवी स्ट्रॅटफर्डमध्येच राहिला असता तर काय झालं असतं? कारखान्यात फोरमन झाला असता, रविवारी नातवंडांना नदीवर स्केट्स बांधून दिले असते, आणि सातशे किलोमीटरवर त्याचं नाव कुणाला कळलं नसतं. तो कदाचित सत्तर वर्षं जगला असता. दांदुराँनी त्याला ओढून आणलं आणि त्याला ते मिळालं ज्याच्याशिवाय नंतर त्याला जगता येईना. आधी तो या आयुष्यात यायला तयार नव्हता, आणि शेवटी त्यातून बाहेर पडायला तयार नव्हता. यातलं एक टाळून दुसरं मिळालं असतं का, हे मला सांगता येत नाही.

एवढं मात्र वाटतं की त्या रडण्याला आपण कमकुवतपणा म्हणू नये. आपल्या वर्गातही ऑफर लेटर हातात आल्यावर घरी पेढे वाटले जातात आणि रात्री कोणीतरी गच्चीवर एकटं बसलेलं असतं. सगळे अभिनंदन करत असतात, त्यामुळे त्याला किंवा तिला काही बोलता येत नाही. हॉवी मोरेंझ निदान बोलला. पत्र लिहिलं, पैसे परत केले, समोर जाऊन नको म्हणाला. ते कोणी ऐकलं नाही. त्यानंतर मात्र बर्फावर उतरला तेव्हा त्याने हात आखडता घेतला नाही. साडेपाचशे सामने आणि दोनशे सत्तर गोल, आणि त्यातला एकही त्याने मनाविरुद्ध केल्यासारखा वाटला नाही.